ओझोनचा धडा : शास्त्रज्ञांचा सल्ला आंतरराष्ट्रीय करारात कसा उतरतो?

दरवर्षी १६ सप्टेंबर रोजी शाळा-महाविद्यालयांतून 'ओझोन दिन' साजरा केला जातो. भित्तिपत्रके रंगविली जातात, निबंधस्पर्धा होतात, पृथ्वीवर छत्री धरलेली चित्रे फलकांवर झळकतात. या दिवसाचे मूळ मात्र कायद्याच्या कोरड्या भाषेत लिहिलेल्या एका दस्तऐवजात आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात २४ राष्ट्रांनी आणि युरोपीय समुदायाने ज्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या, तो 'माँट्रियल करार' २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य राष्ट्रांनी स्वीकारला. इतकी सार्वत्रिक मान्यता त्यापूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही कराराला लाभली नव्हती.

शास्त्रज्ञ सांगतात आणि सरकारे ऐकत नाहीत, ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. हवामानबदल असो, जैवविविधतेचा ऱ्हास असो वा भूजलाचा बेसुमार उपसा, प्रत्येक विषयावर अहवालांचे ढीग साचले आहेत आणि अंमलबजावणी त्यांच्या कित्येक कोस मागे आहे. असे असताना ओझोनच्या प्रश्नावर शास्त्रज्ञांचे ऐकले गेले, ते कसे? त्यांच्याजवळ त्या वेळी अधिक ठोस पुरावा होता म्हणून, की राज्यकर्ते अधिक शहाणे होते म्हणून? इतिहास तपासला तर ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. पुरावा पूर्ण हाती येण्यापूर्वीच करार झाला होता आणि राज्यकर्ते तेव्हाही आपापल्या देशातील उद्योगांचे हित सांभाळूनच बोलत होते. फरक पडला तो सल्ला मागण्याच्या, तो देण्याच्या आणि त्यातून उद्भवणारा खर्च वाटून घेण्याच्या पद्धतीमुळे. शाश्वत विकासाच्या आंतरराष्ट्रीय धोरणात विज्ञानाचे स्थान काय, हे समजून घ्यायचे तर ही पद्धत बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल.

गुणी वायूचा अवगुण

विसाव्या शतकाच्या प्रारंभी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरले जात. गळती झाल्यास घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. १९२८ मध्ये अमेरिकेतील अभियंते थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजेच सीएफसी या वर्गातील वायूंचा पर्याय शोधून काढला. हे वायू विषारी नव्हते, पेट घेत नव्हते आणि कशाशी सहसा संयोगही पावत नव्हते. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, सुगंधी फवारे, गाद्यांचा फोम, इलेक्ट्रॉनिक भागांची सफाई अशा असंख्य ठिकाणी त्यांचा वापर सुरू झाला.

कशाशीही संयोग न पावण्याचा हा गुणच पुढे घातक ठरला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मधील सागरी प्रवासात हे वायू अटलांटिक महासागरावरील हवेत सर्वत्र असल्याचे मोजून दाखविले. याचा अर्थ असा, की कारखान्यांतून बाहेर पडलेला हा वायू नष्ट न होता वातावरणात साठत होता. मग त्याचे पुढे होते काय, हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील शेरवूड रोलँड आणि मारिओ मोलिना यांनी हाती घेतला. जून १९७४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे वायू हळूहळू वर चढत स्थितांबरात पोहोचतात, तेथील प्रखर अतिनील किरणांमुळे त्यांचे विघटन होऊन क्लोरिनचे अणू मोकळे होतात आणि हे अणू ओझोनचा नाश करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. क्लोरिनचा अणू ओझोनच्या एका रेणूचा नाश करून पुन्हा मोकळा होतो आणि दुसऱ्या रेणूकडे वळतो. अशा रीतीने एक अणू सुमारे एक लाख रेणूंचा फडशा पाडू शकतो.

सूर्याच्या अतिनील किरणांचा मोठा भाग ओझोनचा थर शोषून घेतो. तो विरळ झाल्यास त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचे प्रमाण वाढेल, पिकांची हानी होईल, हे उघड होते. तथापि १९७४ मध्ये हा केवळ प्रयोगशाळेतील मोजमापे आणि कागदावरील गणित यांवर आधारलेला निष्कर्ष होता. ओझोन खरोखरच घटल्याचे कोणी पाहिलेले नव्हते. उत्पादक कंपन्यांनी नेमका हाच मुद्दा पुढे केला. अमेरिकेने १९७८ मध्ये फवाऱ्यांतील बहुतेक वापरावर बंदी घातली आणि कॅनडा, नॉर्वे, स्वीडन यांनीही तसेच केले. परंतु अन्य वापर वाढतच राहिला.

करार आधी, उलगडा नंतर

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने १९७७ पासून या विषयावर राष्ट्रांना एकत्र आणण्यास प्रारंभ केला होता. या संस्थेचे कार्यकारी संचालक मुस्तफा टोल्बा हे स्वतः इजिप्तचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पुढाकाराने २२ मार्च १९८५ रोजी व्हिएन्ना येथे ओझोन थराच्या संरक्षणाचा आराखडा-करार झाला. त्यात संशोधन आणि माहितीची देवाणघेवाण यांचे आश्वासन होते, वायूंच्या कपातीचा एकही आकडा नव्हता.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिकावरील हॅली बे येथील केंद्रात वर्षानुवर्षे जमिनीवरून घेतलेल्या मोजमापांनुसार, तेथील वसंत ऋतूत म्हणजे ऑक्टोबरमध्ये ओझोनचे प्रमाण सुमारे ३०० एककांवरून २०० एककांच्याही खाली घसरले होते. अमेरिकेच्या उपग्रहानेही हे कमी आकडे टिपले होते, मात्र इतके कमी मूल्य संभवत नाही या समजुतीने ते संशयास्पद म्हणून चिन्हांकित केले गेले होते. फेरतपासणीनंतर १९८६ मध्ये उपग्रहाच्या नोंदींनीही या विवराला दुजोरा दिला.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ओझोनचे विवर पाहून जग घाबरले आणि करार झाला, असे सरसकट सांगितले जाते. प्रत्यक्षात १९८७ च्या वाटाघाटी चालू असताना या विवराचे कारण निर्विवाद सिद्ध झालेले नव्हते. सुझन सोलोमन यांनी ध्रुवीय हिम-ढगांच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या रासायनिक क्रियांचे स्पष्टीकरण १९८६ मध्ये मांडले होते, परंतु त्याची निर्णायक पडताळणी व्हायची होती. त्यामुळे विवराचा आधार न घेता, सर्वमान्य विज्ञानावरच बोलणी करण्याचे वाटाघाटी करणाऱ्यांनी पसंत केले. हा आधार त्यांना मिळाला तो जागतिक हवामान संघटना, अमेरिकेची 'नासा' ही अंतराळ संस्था आणि अन्य संस्थांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांच्या अहवालातून. रॉबर्ट वॉटसन यांनी समन्वय केलेल्या या कामात विविध देशांचे सुमारे दीडशे शास्त्रज्ञ सहभागी होते. प्रत्येक देशाने आपापल्या शास्त्रज्ञाकडून स्वतंत्र अहवाल मागवला असता, तर परिषदेत अहवालांचीच लढाई झाली असती. एकच संयुक्त अहवाल समोर असल्यामुळे विज्ञान काय म्हणते याविषयीचा वाद मर्यादित राहिला आणि त्यावर करायचे काय, याची चर्चा होऊ शकली.

माँट्रियलमध्ये सीएफसी वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणण्याचे ठरले. शास्त्रीय दृष्टीने ही कपात पुरेशी नव्हती. पण त्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिलीतील पुन्टा अरेनास येथून उडालेल्या संशोधन विमानांनी विवराच्या आत शिरून मोजमापे घेतली. जेथे क्लोरिनचे संयुग वाढलेले, तेथे ओझोन घटलेला, असे स्पष्ट चित्र त्यातून उभे राहिले. मार्च १९८८ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने निष्कर्ष जाहीर केले आणि त्याच महिन्यात या वायूंची मोठी उत्पादक असलेल्या ड्यूपाँ कंपनीने उत्पादन थांबविण्याचा निर्णय घोषित केला.

सल्ल्यासाठी राखलेली जागा

करार करणाऱ्यांना आपले ज्ञान अपुरे आहे याची जाणीव होती. म्हणून त्यांनी नव्या ज्ञानाला आत येण्यासाठी करारातच दार ठेवले. कराराच्या सहाव्या कलमानुसार, १९९० पासून किमान दर चार वर्षांनी सर्व निर्बंधांचा उपलब्ध शास्त्रीय, पर्यावरणीय, तांत्रिक व आर्थिक माहितीच्या आधारे फेरविचार करणे पक्षराष्ट्रांवर बंधनकारक आहे. त्यासाठी तीन स्वतंत्र तज्ज्ञगट नेमले गेले. पहिला गट वातावरणात काय घडत आहे हे सांगतो. दुसरा गट त्याचे आरोग्य, शेती व परिसंस्था यांवरील परिणाम तपासतो. तिसरा, तंत्रज्ञान व अर्थकारणाचा गट, कोणत्या उद्योगात कोणता पर्याय उपलब्ध आहे आणि त्यास किती खर्च येईल याचा हिशेब मांडतो.

या तिसऱ्या गटाचे महत्त्व सामान्यतः दुर्लक्षित राहते. त्याच्या उपसमित्यांत प्राध्यापकांबरोबर शीतकरण, फोम, अग्निशमन, इलेक्ट्रॉनिक्स या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करणारे अभियंतेही बसतात. ज्यांना कारखाना चालवायचा आहे, त्यांनीच पर्यायांची छाननी केल्यामुळे 'हे अशक्य आहे' असे म्हणणे उद्योगांना अवघड झाले. अग्निशामक यंत्रांतील हॅलॉन वायूचे उदाहरण बोलके आहे. हा वायू अपरिहार्य असल्याचा दावा होता. त्या क्षेत्रातील तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा प्रत्यक्ष आग विझविण्यापेक्षा चाचण्या व सराव यांतच तो मोठ्या प्रमाणावर उधळला जात असल्याचे दिसून आले. विकसित देशांनी १९९४ च्या प्रारंभापर्यंत त्याचे उत्पादन थांबविले. इलेक्ट्रॉनिक भागांच्या सफाईसाठी तर संत्र्या-लिंबाच्या सालीपासून मिळणाऱ्या द्रावकांचाही पर्याय पुढे आला.

हे तज्ज्ञगट निर्णय घेत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. अमुक पर्याय निवडल्यास क्लोरिनचे प्रमाण अमुक वर्षी पूर्वपदावर येईल, तमुक निवडल्यास इतकी वर्षे उशीर होईल, असे तौलनिक चित्र ते मांडतात. निवड सरकारांनी करायची असते. शास्त्रज्ञांनी राजकारण्यांची जागा घेतली नाही आणि राजकारण्यांनीही अहवालाच्या निष्कर्षांवर लेखणी चालविली नाही. शिवाय, करारात आधीच समाविष्ट असलेल्या रसायनांच्या कपातीचा वेग वाढवायचा असल्यास प्रत्येक देशाच्या संसदेची नव्याने मान्यता घ्यावी लागत नाही. पक्षराष्ट्रांच्या बैठकीतील निर्णय सर्वांना लागू होतो. नव्या अहवालाचे रूपांतर नव्या बंधनात होण्यासाठी त्यामुळे दशकभर थांबावे लागले नाही. १९८७ मध्ये निम्म्या कपातीचे असलेले उद्दिष्ट १९९० मध्ये लंडनला संपूर्ण बंदीचे झाले आणि १९९२ मध्ये कोपनहेगनला विकसित देशांसाठी ही मुदत २००० वरून १९९६ वर आणण्यात आली.

किंमत कोणी मोजायची?

विज्ञानाने प्रश्न सोडविला, असे म्हणून येथे थांबता येत नाही. १९८९ पर्यंत भारत आणि चीन या करारात नव्हते. दोन्ही देशांत शीतकपाटांची मागणी वाढणार होती आणि स्वस्त सीएफसी वायूंचे उत्पादनही होऊ शकत होते. ते बाहेर राहिले असते, तर उर्वरित जगाची कपात कालांतराने वाहून गेली असती. करारात विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होती. तथापि बाहेर राहणाऱ्या देशांशी या वस्तूंच्या व्यापारावर निर्बंध असल्याने दडपणही होते.

भारताचा आक्षेप शास्त्रीय निष्कर्षांना नव्हता. वातावरणात साठलेला वायू बहुतांशी श्रीमंत राष्ट्रांनी सोडलेला असताना पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च गरीब राष्ट्रांनी का सोसावा, असा त्याचा प्रश्न होता. जून १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने हा मुद्दा लावून धरला. अखेर विकसनशील देशांचा वाढीव खर्च भागविण्यासाठी बहुपक्षीय निधी स्थापन करण्याचे ठरले. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर आणि भारत-चीन सहभागी झाल्यास २४ कोटी डॉलर, अशी तरतूद झाली. निधीच्या कार्यकारी समितीत विकसित आणि विकसनशील देशांना प्रत्येकी सात जागा देण्यात आल्या. १९ जून १९९२ रोजी भारत करारात सहभागी झाला.

या निधीतून भारतातील सीएफसी उत्पादन बंद करण्यासाठी ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. विकसनशील देशांसाठी २०१० ही मुदत होती. भारताने दम्यावरील फवारा-औषधांचा अपवाद वगळता १ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे १७ महिने आधीच हे उत्पादन थांबविले. औषधी फवाऱ्यांचा अपवाद रुग्णांच्या हितासाठी तज्ज्ञगटाच्या छाननीनंतर तात्पुरता ठेवण्यात आला होता. मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्यांनी पर्यायी वायूवरील फवारे तयार केल्यानंतर त्याचीही गरज उरली नाही. सल्ला कितीही अचूक असला तरी त्याच्या अंमलबजावणीचे देयक कोणाच्या नावे फाटणार, हे ठरल्याशिवाय तो कागदावरच राहतो, असा या प्रकरणाचा बोध आहे.

हवामानबदलाचे वेगळे गणित

ओझोनच्या यशाने उत्साहित होऊन १९८८ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी आयपीसीसी या नावाने ओळखले जाणारे आंतरशासकीय हवामानबदल मंडळ स्थापन केले. हे मंडळ स्वतः संशोधन करीत नाही. जगभर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आढावा घेते. मूळ प्रकरणे शास्त्रज्ञ लिहितात. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश मात्र सरकारांच्या प्रतिनिधींसमोर ओळीओळीने वाचला जातो आणि सर्वसंमतीनंतरच स्वीकारला जातो. त्यामुळे भाषा अनेकदा मवाळ होते, अशी टीका होते. परंतु एकदा मान्य केलेला निष्कर्ष पुढे वाटाघाटींच्या मेजावर कोणत्याही सरकारला सहजासहजी नाकारता येत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

या व्यवस्थेची कसोटी भारताशी निगडित एका प्रकरणात लागली. २००७ च्या अहवालातील सुमारे हजार पानांच्या एका खंडात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता असल्याचे विधान होते. त्यामागे तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध नव्हता. एका लोकप्रिय विज्ञान नियतकालिकातील १९९९ चे वृत्त एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालात आणि तेथून या खंडात शिरले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने भूगर्भशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा चर्चा-अहवाल प्रसिद्ध केला. हिमनद्यांच्या असाधारण वेगाने वितळण्याचे चित्र पुराव्याने सिद्ध होत नसल्याचे त्यात म्हटले होते. मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी प्रारंभी ही टीका फेटाळली. मात्र जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चुकीबद्दल खेद व्यक्त केला. त्यानंतर विविध देशांच्या विज्ञान अकादमींच्या परिषदेने मंडळाच्या कार्यपद्धतीची चौकशी केली आणि तिच्या शिफारशींनुसार नियम कडक करण्यात आले.

एका विधानामुळे संपूर्ण अहवाल खोटा ठरत नाही आणि हिमनद्या सुरक्षितही ठरत नाहीत. हिंदुकुश-हिमालय प्रदेशाविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक मूल्यमापनानुसार, तापमानवाढ दीड अंशापर्यंत रोखली तरी शतकाअखेर तेथील किमान एक तृतीयांश हिम नष्ट होईल. गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतील कोट्यवधी लोकांच्या दृष्टीने हे चित्र पुरेसे गंभीर आहे. धोका वाढवून सांगितल्याने खऱ्या धोक्यावरील विश्वासही डळमळतो, हा त्या प्रकरणाचा धडा होय.

याहून मोठी अडचण राजकीय आहे. २०१५ च्या पॅरिस परिषदेने स्वतःच मंडळाकडे दीड अंश तापमानवाढीविषयी विशेष अहवाल मागितला होता. तो ऑक्टोबर २०१८ मध्ये सादर झाला. कर्बवायूचे उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी व्हावे आणि शतकाच्या मध्यास निव्वळ शून्यावर यावे, असे त्याचे प्रमुख निष्कर्ष होते. दोनच महिन्यांनी पोलंडमधील कॅटोविस येथील परिषदेत या अहवालाचे 'स्वागत' करावे की केवळ त्याची 'नोंद' घ्यावी, यावरून तिढा पडला. अमेरिका, सौदी अरेबिया, रशिया आणि कुवेत यांनी 'स्वागत' या शब्दास विरोध केला. अखेर अहवाल वेळेत पूर्ण केल्याबद्दल समाधान व्यक्त करणारी सावध वाक्यरचना स्वीकारावी लागली. ज्यांनी सल्ला मागितला, त्यांनाच तो स्वीकारणे जड गेले.

दोन्ही प्रश्नांतील भेद यावरून ध्यानात येतो. सीएफसी वायूंचे उत्पादक मोजके होते, पर्याय हाताशी येत होते आणि खर्चाचा आवाका मर्यादित होता. कोळसा आणि तेल यांवर तर वीज, वाहतूक, शेती, रोजगार असे सारे जीवनच उभे आहे. म्हणूनच ओझोनचा साचा उचलून जसाच्या तसा हवामानबदलावर बसविता येत नाही. ओझोन करारात तंत्रज्ञान आणि निधी यांची उत्तरे विज्ञानाबरोबरच चालत होती; हवामानाच्या वाटाघाटींत विज्ञान पुढे गेले आणि निधीचा प्रश्न मागे रेंगाळत राहिला.

करारानंतरची पहारेदारी

वैज्ञानिक सल्ल्याचे काम करारावर स्वाक्षऱ्या झाल्यावर संपत नाही, याचा प्रत्यय २०१८ मध्ये आला. सीएफसी-११ या बंदी घातलेल्या वायूचे प्रमाण अपेक्षेइतक्या वेगाने घटत नसल्याचे अमेरिकी शास्त्रज्ञांच्या पथकाला आढळले. हिशेब केला असता, २०१२ नंतर कोठेतरी त्याचे नवे उत्सर्जन होत असल्याचा निष्कर्ष निघाला. पुढील वर्षी दक्षिण कोरिया आणि जपान येथील केंद्रांवरील नोंदींच्या आधारे संशोधकांनी वाढीव उत्सर्जनाचा मोठा भाग पूर्व चीनमधून, मुख्यत्वे शानडोंग व हेबेई प्रांतांतून येत असल्याचे दाखवून दिले. हा वायू फोमच्या निर्मितीत चोरून वापरला जात असावा, असे संकेत होते. चीनने कारवाई केली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांनी हे उत्सर्जन पुन्हा घटल्याचे सांगितले. स्वतंत्र मोजमाप नसते तर सरकारांनी पाठविलेल्या कागदी आकड्यांवरच जगाला विसंबून राहावे लागले असते.

जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या मूल्यमापनानुसार, करारातील बंदी घातलेल्या पदार्थांपैकी सुमारे ९९ टक्के वापरातून बाद झाले आहेत. सध्याची धोरणे कायम राहिल्यास ओझोनचा थर जगाच्या बहुतांश भागावर २०४० च्या सुमारास, आर्क्टिकवर २०४५ च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. ज्या अंकुर-अवस्थेतील गणितावर १९७४ मध्ये शंका घेतली गेली, त्याबद्दल रोलँड व मोलिना यांना पॉल क्रुट्झेन यांच्यासमवेत १९९५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जखम भरून येण्यास मात्र त्यानंतरही सत्तर वर्षे लागणार आहेत.

घरातील वातानुकूलन यंत्रापर्यंत

ही कथा मुंबई-पुण्यातील वाचकाच्या घरापर्यंतही येते. सीएफसी वायूंच्या जागी आलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बन वर्गातील वायूंनी ओझोनला धोका पोहोचत नाही, परंतु ते पृथ्वीचे तापमान वाढवितात. सीएफसी वायूंमध्ये असा उष्णता रोखण्याचा गुण आहे, हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ मध्येच दाखविले होते. पर्यायी वायूंच्या या दोषाची दखल घेऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती करण्यात आली. या दुरुस्तीच्या पूर्ण अंमलबजावणीने शतकाअखेरपर्यंत अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळू शकते, असा अंदाज आहे.

भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये या दुरुस्तीस मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून या वायूंचा वापर ठरावीक पातळीवर गोठवायचा असून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात करीत २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. दुसरीकडे, केंद्र सरकारच्या मार्च २०१९ मधील शीतकरण कृती आराखड्याने देशातील शीतकरणाची गरज २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होण्याचा अंदाज वर्तविला आहे. उन्हाळा दिवसेंदिवस असह्य होत असताना वातानुकूलन ही चैन राहिलेली नाही आणि ती नाकारण्याचा सल्ला कोणी देतही नाही. प्रश्न आहे तो यंत्रात कोणता वायू भरला जातो याचा. पूर्वी प्रचलित असलेला आर-४१०ए हा वायू कर्बवायूच्या सुमारे दोन हजार पट उष्णता रोखतो, आर-३२ सुमारे पावणेसातशे पट, तर प्रोपेन अवघा तिपटीच्या आसपास. मुंबईच्या गोदरेज कंपनीने २०१२ पासून प्रोपेनवर चालणारी यंत्रे बाजारात आणली. प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने तो हाताळणाऱ्या कारागिराचे प्रशिक्षण येथे कळीचे ठरते. किगालीतील निर्णयाचे यश काही अंशी गच्चीवर चढून यंत्रात वायू भरणाऱ्या या माणसाच्या कौशल्यावर अवलंबून आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये निश्चित केली. त्यांच्या प्रगतीचा शास्त्रीय आढावा घेण्यासाठी १५ स्वतंत्र शास्त्रज्ञांचा गट दर चार वर्षांनी अहवाल सादर करतो. २०१९ आणि २०२३ मध्ये असे अहवाल प्रसिद्ध झाले आहेत. मात्र सहाव्या कलमासारखे, अहवाल आल्यावर निर्णयांचा फेरविचार करण्याचे बंधन या उद्दिष्टांच्या मागे नाही. त्यामुळे अहवाल वाचले जातात, त्यांचे स्वागत होते आणि सरकारे आपापल्या सोयीने पुढे जातात.

पाणी, अन्न, ऊर्जा यांविषयीचे पुढील जागतिक निर्णय होताना भारताने केवळ अधिक निधी मागून भागणार नाही. मोजमाप करणारी आपली केंद्रे, तज्ज्ञगटांत बसणारे आपले अभियंते आणि अहवाल आल्यावर निर्णय बदलण्याचे बंधन, या तिन्हींचा आग्रह त्याने धरला पाहिजे. लंडनमध्ये १९९० साली भारताने खर्चाचा प्रश्न रास्तपणे विचारला होता. ज्या विज्ञानाच्या आधारे हा खर्च ठरतो, त्याच्या घडणीतही तितकाच वाटा उचलण्याची वेळ आता आली आहे.